झोपल्याचा दाखला

मालवणात भाड्याने खोली हवी असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. गाव खंयचो? मासे खातास मां? आणि गणपतीक घराक जातलास मां? तिसऱ्याला ‘हो’ म्हटलं की खोली मिळाली, कारण गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात आणि तेवढे दिवस खोलीला तिचे खरे मालक भेटतात. भाडं किती, हे भाडेकरूने विचारायचं असतं. ‘तुमका काय वाटता ता द्या,’ असं उत्तर येतं आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला आकडाही येतो. मग भाडेकरू चाचरत म्हणतो, ‘काकी, कागद करूया काय काहीतरी?’ काकी त्याच्याकडे अशा बघतात, जणू त्याने त्यांच्या विहिरीचं पाणी तपासायला मागितलंय. ‘कागद कित्याक व्हयो? आमचो तुमच्यार इश्वास आसा.’

विश्वास असतोच. अडचण एवढीच की विश्वासाची झेरॉक्स निघत नाही.

ती निघत नाही हे कळतं सरकारी खिडकीवर. खोलीत राहणारा महिन्याच्या महिन्याला नोटा मोजून काकींच्या हातात देत आलेला असतो. खिडकीपलीकडचा विचारतो, तुम्ही भाडं देता याला पुरावा काय? हा गप्प. रांगेत त्याच्या पुढे ज्याचा नंबर होता, त्याने मात्र सासऱ्यांच्या घरी फुकट राहून बारा पावत्यांचा गठ्ठा सरकवलेला असतो आणि शिक्का घेऊन तो एव्हाना चहाला पोहोचलेलाही असतो. आपल्या राज्यातल्या घरभाड्याचा हा अलिखित नियम आहे: ज्याचं भाडं खरं त्याच्याकडे कागद नसतो, आणि ज्याचे कागद चोख त्याच्याकडे भाड्याची चौकशी न केलेली बरी.

खिडकी पहिली: जिल्हा परिषद

सिंधुदुर्गातल्या प्राथमिक शाळांत घाटावरून आलेले गुरुजी पुष्कळ. नोकरी आचऱ्याकडे, आईवडील कोल्हापूर-सांगलीकडे आणि अर्ज आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत. त्यांना घरभाडे भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगात आमच्यासारख्या भागाला तो मूळ वेतनाच्या ८ टक्के ठरला, आणि महागाई भत्ता २५ व ५० टक्क्यांपलीकडे गेला की ९ आणि १० टक्के. मुंबईला हेच आकडे २४, २७ आणि ३०. म्हणजे आम्हांला बरोब्बर तिसरा हिस्सा. समुद्र तोच, दर वेगळा.

या भत्त्याची मौज अशी की तो भाड्याच्या पावतीवर मिळतच नाही. टक्केवारी ठरलेली, पगाराला जोडलेली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तो मिळतो. गुरुजी काकींना किती देतात याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. सरकारला जाणून घ्यायचंय ते गुरुजी रात्री कुठे झोपतात हे. ग्रामविकास विभागाने ९ सप्टेंबर २०१९ रोजी शासन निर्णय काढला. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव हवा. झाली सोय. आता माणसाच्या झोपेवर लोकशाही पद्धतीने मतदान होणार.

तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सव्वीस जानेवारी, झेंडावंदन उरकलंय. विषयपत्रिकेवर नळपाणी, पाणंद रस्ता, स्मशानशेड आणि विषय क्रमांक सात: गुरुजींचा मुक्काम. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. आमच्या वाडीचे मतदार यादीत भरपूर आहेत, देहाने ते नालासोपाऱ्याला असतात. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या खेपेला चारपाच टाळकी जमतात आणि संपूर्ण गावाच्या वतीने गुरुजींच्या झोपेचा निकाल लावतात. त्यांत एक जण नेमका असा असतो, ज्याचं पोषण आहाराच्या तांदळावरून गुरुजींशी वाजलेलं आहे. तो हात वर करतो. ‘गेल्या मंगळवारी गुरुजींच्या खोलयेत लाइट दिसाक नाय.’

गुरुजी मंगळवारी लवकर झोपले होते. हे सिद्ध कसं करायचं?

दुसऱ्या बाजूलाही बोलायला जागा आहे. अपडाऊन हा शब्द ग्रामीण महाराष्ट्राने शब्दकोशाला न विचारता स्वीकारलाय, तो काही उगाच नाही. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हाच विषय काढला: शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, खोटे कागद देऊन घरभाडे भत्ता उचलतात. शिक्षक खवळले, मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांना आठवडाभर मजकूर मिळाला. आमदारांचं म्हणणं पुष्कळ ठिकाणी खरं होतं. शिक्षकांचंही एक म्हणणं खरं होतं, की गावात राहायला खोलीच नाही तर राहायचं कुठे. या दोन खऱ्यांच्या मधल्या पट्टीत जो शिक्षक उभा आहे तो कुणालाच दिसला नाही. त्याची मुलं कणकवलीत नाहीतर कुडाळात शिकतात. तिथे तो महिन्याला खणखणीत भाडं मोजतो. पण भत्त्यासाठी त्याला वाडीत राहत असल्याचं लिहून द्यावं लागतं. भाडं खरं, गाव खोटं. एका खऱ्या खर्चाला दुसऱ्या गावचा खोटा पत्ता चिकटवल्याखेरीज तो खर्च सरकारला दिसतच नाही.

आणि जो खरोखर वाडीत, काकींच्या मागच्या खोलीत, बेडकांच्या सोबतीने पावसाळा काढतो, त्याचं काय? त्याच्याकडे काकींचा विश्वास आहे. ठराव मात्र तांदूळवाल्याच्या हातात.

खिडकी दुसरी: आयकर

आयकर खात्याचा प्रश्न नेमका उलटा. तुम्ही कुठे झोपता, झोपता की नाही, याची त्यांना फिकीर नाही. पैसे कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात गेले तेवढं बोला. घरभाडे भत्त्यावरची करसवलत मिळते ती जुनी करपद्धत निवडणाऱ्याला, आणि तीही तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याएवढी. एक, प्रत्यक्ष मिळालेला भत्ता. दोन, पगाराच्या दहा टक्क्यांहून जास्त दिलेलं भाडं. तीन, पगाराचे ४० टक्के, महानगरात ५०. तीन आकडे काढून सर्वांत लहान निवडायचा, यात सरकारचा स्वभाव समजून घ्यायला मोठी मदत होते.

पावती लागते. भत्ता महिना तीन हजारांपर्यंत असेल तर कचेरीने पावती मागू नये, इतकी कनवाळू सूट खात्याच्या परिपत्रकांत आहे. पाच हजारांहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर पावतीवर एक रुपयाचा महसूल मुद्रांक चिकटवावा लागतो. वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं तर घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. आता लाखाला बाराने भागा. आठ हजार तीनशे तेहतीस हा आकडा पावत्यांवर इतका लाडका का, याचं कोडं सुटेल.

पावत्या बनतात कशा, हे सांगायला शोधपत्रकार नको. स्टेशनरीच्या दुकानात भाडेपावतीचं पुस्तक मिळतं. ज्याला दुकानापर्यंत चालायचाही कंटाळा, त्याच्यासाठी इंटरनेटवर नाव आणि रक्कम भरली की वर्षाच्या पावत्या छापून देणारी फुकट यंत्रं आहेत. एप्रिल ते मार्च, बारा महिन्यांच्या बारा पावत्या एकाच बैठकीत, एकाच पेनाने, एकाच मेहुण्याकडून सही करून घेतल्या जातात. बाराही महिने मेहुण्याचा हात जराही थरथरत नाही. जानेवारी आला की कित्येक कचेऱ्यांमध्ये हा लघुउद्योग जोरात चालतो आणि त्याला कुठल्याही औद्योगिक वसाहतीत भूखंड लागत नाही.

कधीकधी मात्र गाडी अडते. २०१७ साली मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणापुढे एक प्रकरण आलं. लेकीचं म्हणणं, मी आईला रोख भाडं देते. आईला भाडं द्यायला कायद्याची आडकाठी नाही. खरंच दिलं, खरंच तिथे राहिलात, आणि आईने ते स्वतःच्या उत्पन्नात दाखवलं, तर ते भाडंच. न्यायाधिकरणाने विचारलं ते एवढंच: लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे का? सोसायटीला कळवलंत का? पैसे बँकेतून गेले का? विजेचं, पाण्याचं बिल कोण भरतं? कशालाच उत्तर नव्हतं, सवलत गेली. हा निकाल शिकवणारा आहे. करारनामा त्या यादीतला एक पुरावा होता, एकमेव नव्हता. बँकेचा उतारा, सोसायटीचं पत्र, वीजबिल, या सगळ्यांना तिथे किंमत होती. न्यायाधिकरणाला जे सुचलं ते खालच्या खिडकीला का सुचू नये? खिडकीला यादी दिलेली असते, आणि यादीत ‘करारनामा’ असा एकच शब्द असतो.

खिडकी तिसरी: समाज कल्याण

इथे विनोद करताना जीभ जरा अडखळते, कारण या खिडकीवर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं उभी असतात.

अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याने बाहेर खोली घेऊन शिकावं म्हणून २०१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी पुढे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. नावं मोठ्या माणसांची आहेत. स्वाधारची रक्कम जिल्ह्याच्या ठिकाणाला वर्षाला ४३ हजार: भोजनाचे २५, निवासाचे १२, निर्वाहाचे ६. निवासाचे बारा हजार म्हणजे महिन्याला हजार. हजार रुपयांत ओरोसला खोली मिळत असेल तर कृपया पत्ता कळवावा, रांग लावायची व्यवस्था आम्ही करू.

मग मुलं काय करतात? चौघं मिळून एक खोली घेतात. घरमालक चौघांना एक धरून एकाशी बोलतो, पैसे एकाकडून घेतो, फोन नंबर एकाचा ठेवतो. आता चौघंही अर्ज करतात आणि चौघांनाही भाड्याने राहत असल्याचा कागद लागतो. घरमालक म्हणतो, ‘खोली एक, तर कागद चार कसे?’ कारकून म्हणतो, ‘अर्ज चार, तर कागद एक कसा?’ दोघांचंही गणित बरोबर आहे. मधे तीन मुलं नापास.

आता त्यांनी रीतसर करार करायचा म्हटलं तर खर्च बघा. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, तो किरकोळ. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, शहरात १,०००. म्हणजे सरकारने खोलीसाठी दिलेल्या महिन्याच्या हजारातले निम्मे, खोली आहे हे सरकारला पटवण्यातच संपले. वर दोन साक्षीदार, सगळ्यांची आधार कार्डं आणि घरमालकाचा अंगठा. अंगठा मुंबईला असतो.

प्रतिज्ञापत्राची कथा तर याहून सुरस. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि ही माफी २००४ पासूनची आहे. मुलांकडून मात्र शंभराचा स्टँप मागण्याची वहिवाट चालू राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने शंभराच्या दस्तांचा किमान दर पाचशेवर नेला, तेव्हा न लागणारा स्टँपही पाचपट महाग झाला. माफी कागदावर असते आणि कागद खिडकीच्या पलीकडे असतो. २०१५ साली राज्याने स्वयंघोषणापत्र पुरेसं मानायचं असंही ठरवलं होतं. नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तो निर्णय बहुधा काकींनी वाचला असावा, कारण आजतागायत त्याची अंमलबजावणी त्याच करताना दिसतात.

काकींची बाजू

काकी कागद का देत नाहीत? त्यांना लुच्च्या ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांची अडचण खरी आहे.

पहिली अडचण, घर काकींचं नाही. घर आहे पणजोबांचं. पणजोबांना जाऊन जमाना झाला, वारस लालबाग, डोंबिवली, बोरिवली असे पसरले. सातबाऱ्यावर नावांची रांग आहे आणि त्या रांगेत काकींचं नाव असेलच असं नाही. त्या घर राखतात, न्हाणीघराची कौलं चाळून घेतात, देवाला दिवा लावतात. करारावर मालक म्हणून सही कुणी करायची? सगळ्यांनी करायची तर सगळे एका वेळी एका जागी जमले पाहिजेत. ते गणपतीत जमतात, पण त्या दिवसांत हिस्सेवाटपाचा विषय काढला तर आरतीला निम्मी माणसं उरतात. वीजबिल अजून आजोबांच्या नावाने येतं. महावितरण मेलेल्या माणसाशी दर महिन्याला नेमाने पत्रव्यवहार करतं आणि त्याच्याकडून पैसेही वसूल करतं, तिथे ओळखीचा पुरावा कुणी मागत नाही.

दुसरी अडचण, कूळ. कोकणात घरमालकाला कागदाची धास्ती आहे ती या शब्दाने. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन घराघरांत अजून काल घडल्यासारखे सांगितले जातात. कुणाचं कुठलं भरड गेलं, कुणाचा मळा गेला, पावतीच्या कुठल्या चिटोऱ्यावरून गेला, याच्या कथा आजीने नातवाला ऐकवलेल्या असतात. तेव्हापासून धडा एकच: सही करू नये. हा कायदा शेतजमीन कसणाऱ्यासाठी होता. कसेल त्याची जमीन झाली. झोपेल त्याची खोली, असा कायदा अजून कुणी केलेला नाही. पण भीतीला कलमं वाचायची सवय नसते.

तिसरी अडचण काकी मोठ्याने सांगत नाहीत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात खोलीचं माप बदललं. पूर्वी ती महिन्यावर जायची, आता रात्रीवर जाते. नाताळ आणि मे महिन्यात पुण्याची गाडी दारात उभी राहिली की एका रात्रीत येतात तेवढे पैसे मास्तर महिनाभरात देत नाहीत. अकरा महिन्यांचा करार केला तर त्यात सीझन अडकतो. तोंडी व्यवहारात सोय आहे: ‘गुरुजी, चार दिवस जरा मागच्या पडवीत झोपशात?’ गुरुजी पडवीत झोपतात. नेमका त्याच दिवशी ग्रामसभेचा तो मतदार खोलीत लाइट बघायला येतो.

कायदा काय म्हणतो

कायदा या सगळ्या मंडळींपेक्षा जास्त समंजस निघावा, ही गोष्ट आपल्याकडे क्वचित घडते म्हणून नोंदवतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, कलम १०७: भाडेपट्टा वर्षाहून जास्त मुदतीचा किंवा वर्षावर्षाचा असेल तर नोंदणीकृत दस्त लागेल, बाकीचा भाडेपट्टा तोंडी बोली आणि ताबा यांवरही होतो. गोऱ्या सायबाला काकींचा शब्द चालत होता. त्याच कायद्याचं कलम ११६: भाडेपट्ट्याची मुदत संपली, भाडेकरू राहत राहिला आणि मालक भाडं घेत राहिला, तर तो भाडेपट्टा महिन्यामहिन्याने चालू आहे असं धरायचं. आमच्या खिडकीवर मात्र करार मार्चमध्ये संपला की भाडेकरूही मार्चमध्ये संपतो. एप्रिलमध्ये भाडं देतोय तो त्याचा आत्मा असावा.

पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला. ज्या शहरा-गावांना तो लागू आहे तिथे कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तो नोंदवायची जबाबदारी कुणाची? घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तेही घरमालकाला. याहून मोठी गोष्ट त्याच कलमात पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. कलम ३१ नुसार भाड्याची लेखी पावती देणं मालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे कागद नसल्याचा दोष कायदा मालकाच्या माथी मारतो आणि संशयाचा फायदा भाडेकरूला देतो. खिडकी नेमकं उलटं करते. दोष भाडेकरूचा, संशयही भाडेकरूवर, आणि मालक गणपतीला येणार.

काकींसाठीही त्या कायद्यात एक गोष्ट आहे, त्यांना कुणी समजावून सांगितलेली नाही. कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहायला दिलेली जागा सोडली नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळतो, आणि जितके दिवस तो अडून बसला तितक्या दिवसांचे दुप्पट पैसे मिळतात. त्यासाठी लेखी करार हाच निर्णायक पुरावा. ज्या कागदाला काकी घाबरतात तोच त्यांची खोली राखतो. ज्याच्याशी काहीच लिहिलेलं नाही, त्याला बाहेर काढणं जास्त कठीण. कुळाच्या भीतीने कागद टाळणारा घरमालक स्वतःच्याच घराचं दार आतून उघडं ठेवून झोपतो.

मग करायचं काय

उपाय सुचवल्याशिवाय सदर संपवलं की वाचक म्हणतात नुसते टोमणे मारता. घ्या.

भाडेकरूने रोख देणं बंद करावं. काकींचा मोबाइल आता क्यूआर कोड दाखवतो, मासेविक्रेतीकडेही तो आहे. दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे पाठवावेत, शेऱ्यात ‘खोलीभाडं, जून’ असं लिहावं. बारा महिन्यांचा बँकेचा उतारा ही अशी पावती आहे की मेहुण्याला ती एका बैठकीत बनवता येत नाही. चौघं मुलं असतील तर चौघांनी आपापला हिस्सा वेगवेगळा पाठवावा; खोली एकच राहील, पुरावे चार होतील. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली असेल तर तिची पोच जपून ठेवावी. ती माहिती घेतली जाते संशयापोटी, पण राहिल्याचा पुरावा म्हणून तितकीच चालायला हवी. एका खात्याला जो माणूस या खोलीत राहतो अशी पक्की खबर आहे, तो दुसऱ्या खात्याच्या लेखी बेपत्ता कसा?

खिडकीने आपल्या यादीत ‘करारनामा’ या शब्दापुढे ‘किंवा’ हा शब्द घालावा. तेवढंच. किंवा बँकेचा उतारा, किंवा मालकाचं साधं पत्र, किंवा शेजारच्या दोन घरांचा जबाब. खोटेपणा वाढेल म्हणाल, तर आजची पद्धत किती खऱ्याला पकडते ते आधी बघा. एकाच आकाराचा कागद मागितला की बाजारात त्याच आकाराचे कागद छापून मिळतात. चार वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे मागितले तर खोटं बोलणाऱ्याला चार ठिकाणी फिरावं लागतं, आणि खोटं बोलणारा मुळात आळशी असतो. नाहीतर त्याने खरंच खोली घेतली नसती का?

राहिली ग्रामपंचायत. तिच्याकडे या सगळ्यावरचा इलाज कपाटात पडून आहे. नमुना नंबर ८, कर आकारणीची नोंदवही. त्यात घरमालकाच्या नावाचा रकाना आहे आणि त्याला लागून भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा रकाना आहे. दुसऱ्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘स्वतः’ असं लिहिलं जातं, जरी तो ‘स्वतः’ डोंबिवलीला राहत असला तरी. घरपट्टीच्या नोंदीने कुणी मालक होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. त्यामुळे काकींनी घाबरायचं कारण नाही. तिथे ‘भाडेकरू’ असा शेरा देऊन खरं नाव लिहा, वर्षातून एकदा वसुलीला दारात जाता तेव्हा ते तपासा, आणि त्या उताऱ्याची नक्कल तिन्ही खिडक्यांना पुरेशी माना. नवा फॉर्म नको, नवं पोर्टल नको. रकाना छापलेलाच आहे.

पहिली नोंद कुणाची करायची, तेही सांगून टाकतो. २०१९ च्या त्या शासन निर्णयात शिक्षकाच्या जोडीला ग्रामसेवकही आहे. २०२४ पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, मुख्यालय तेच राहिलं. आपण या गावात कुणाच्या घरात, किती भाडं देऊन राहतो, हे त्यांनी सर्वांत आधी स्वतःच्या हाताने भोगवट्याच्या रकान्यात लिहावं आणि नोंदवही ग्रामसभेत वाचून दाखवावी. लिहिता आलं तर गुरुजींच्या मंगळवारच्या लाइटची चौकशी खुशाल करा. रकाना कोराच राहिला, तर विषय क्रमांक सात रद्द समजून सरळ स्मशानशेडकडे वळावं. तिथला मुक्काम सिद्ध करायला निदान कुणाचा ठराव लागत नाही.